फाटकाबाहेरचे नाकाडे सर

परवा माझी भाची सुट्टीत नागभीडला आली होती. नागपूरला इंजिनिअरिंग करते. जेवणं आटोपल्यावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, गंमत बघ." तिनं एक ओळ लिहिली. एक-एक-शून्य-एक असा आकडा टाकला, पुढे स्वल्पविराम देऊन दोन लिहिले, बटण दाबलं. खाली उत्तर आलं तेरा. "झालं! बायनरीचा डेसिमल. एका ओळीत. पायथनमध्ये तयारच असतं हे."

मला असा राग आला म्हणून सांगू! त्या पोरीचा काय दोष? पण मी फाडकन बोलून गेले, "एका ओळीत काय, आमच्या सरांनाही येत होतं. ते करू देत नव्हते." ती बघतच राहिली. मी मराठीची बाई, बावीस वर्षं व्याकरण आणि निबंध शिकवणारी. माझा पायथनशी काय संबंध? तिला सांगत बसले नाही. स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत राहिले, आणि नाकाडे सरांची इतकी आठवण आली की नळ चालू ठेवूनच रडून घेतलं.

धानोऱ्याच्या अलीकडे, जंगलातल्या रस्त्यावरच्या एका गावात, बदलीआधी मी शिकवायचे ती आमची शाळा होती. दहावीपर्यंत जुनी, अकरावी-बारावी नवीन. नाकाडे सर तिथे तीस वर्षं गणित शिकवत होते. उंच, काटकुळे, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कानावर खडू. वाण्याच्या कानावर पेन्सिल असते तसा. तो खडू कानावर ठेवून ते बाजारात जायचे, लग्नाच्या पंगतीत बसायचे. कुणी सांगितलं की काढून खिशात ठेवायचे, आणि पाच मिनिटांत तो पुन्हा कानावर.

शाळेला कॉम्प्युटर विषयाची परवानगी मिळाली तेव्हा शिकवायला कुणीच नव्हतं. गडचिरोलीहून जंगलाच्या रस्त्यानं रोज कोण येणार? मुख्याध्यापकांनी मीटिंगमध्ये विचारलं तर सगळ्यांनी माना खाली घातल्या. मीसुद्धा. छप्पन्न वर्षांच्या नाकाडे सरांनी हात वर केला. नवखा पोरगा वर्गात करतो तसा, बोट सरळ.

"सर, तुमची दोन वर्षं राहिली. कशाला कुटाणा?" मी मधल्या सुट्टीत विचारलं.

"बाई, या पोट्टींले हा विषय पायजे असन त गडचिरोलीले जा लागन. कोणता बाप धाडते? विषय इथीच पायजे."

अकरा मुली होत्या त्या पहिल्या तुकडीत. मुलगे सगळे शहरातल्या वसतिगृहांत गेलेले. मुलींना बाप पाठवत नव्हते, म्हणून मुली उरल्या.

सर फोनवर व्हिडिओ बघून शिकले, दहा दिवसांचं प्रशिक्षण करून आले आणि सुरू झाले. प्रयोगशाळा म्हणजे चार कॉम्प्युटर. दाराबाहेर चपला काढायच्या, आत पाय ठेवायचा तो धुऊन. उजव्या हाताच्या एका बोटानं टाईप करायचे आणि डावा हात पाठीमागे, प्रार्थनेला उभं असल्यासारखा. आणि मशीनशी बोलायचे. प्रोग्राम अडला, पडद्यावर लाल अक्षरं आली की वाकून मोठ्या आदरानं विचारायचे, "काऊन भाऊ? काय झालं?" मुली तोंडात ओढणी कोंबून हसायच्या. सर मुळीच हसायचे नाहीत. लाल ओळ दोनदा वाचायची, मग मुलीकडे वळून सांगायचं, "पाह्य, भाऊ म्हणते का फॉरच्या ओळीवर दोन ठिपके नाई. दे त्याले ठिपके."

'चूक' हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. "रस्ता चुकला," म्हणायचे. "माणूस नाई चुकला, रस्ता चुकला. परत फिर."

पायथनमध्ये फॉरच्या, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला सांगणाऱ्या हुकमाच्या, खालची ओळ चार जागा सोडून लिहावी लागते. मुली ते रोज विसरायच्या. सरांनी सांगितलं, "फॉर म्हणजे बांधी. धानाची बांधी. त्याच्या पोटातल्या ओळी धुऱ्याच्या आत पायजेत. धुऱ्याबाहेर धान रोवते का कोनी?" बांधी म्हणजे भाताचं खाचर, धुरा म्हणजे त्याचा बांध. त्या दिवसानंतर एकीचीही ओळ धुऱ्याबाहेर गेली नाही. मी शेजारच्या वर्गात 'अलंकार' शिकवत होते. भिंतीपलीकडून हे ऐकू येत होतं. माझ्या वर्गाचं लक्ष कुठे होतं ते सांगायला नको.

बायनरी शिकवायला त्यांनी घरून मापं आणली. जुनी, पत्र्याची आणि लाकडाची: पाव, अर्धा शेर, शेर, अधोली, पायली. टेबलावर लहान-मोठी ओळीनं मांडली, लहान उजवीकडे. "पाह्या. दोन पाव म्हणजे अर्धा शेर. दोन अर्धे म्हणजे शेर. दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली. दर माप आधीच्या दुप्पट. आता एक नियम. कोणतंबी माप एकदाच भराचं. भरलं त एक लिहा, नाई भरलं त शून्य. दोनदा भराची पाळी आली त वरचं माप उचला. झालं बायनरी. आपल्या आजीले येत होतं, फक्त नाव माहीत नव्हतं."

तळ्याकाठच्या ढिवर टोळीतली, म्हणजे मासेमारांच्या वस्तीतली, प्रणाली नावाची मुलगी होती. तिचा बाप तळ्यात जाळं टाकायचा आणि धानाच्या दिवसांत दुसऱ्याच्या बांधीत राबायचा. तिनं विचारलं, "सर, एक-एक-शून्य-एक म्हणजे?" सर म्हणाले, "तूच मोज." तिनं अधोली भरली, शेर भरला, अर्धा सोडला, पाव भरला. सगळं एकत्र ओतून पावानं मोजलं. तेरा पाव. ती मापांकडे अशी बघत राहिली की बाकीच्यांनी तिला चिमटा काढला.

पण त्याच मापांनी सरांची फजिती केली. आमच्याकडे धान मोजताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही. 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. मोजणं शुभ व्हावं म्हणून. आता बायनरीत उजवीकडची पहिली जागा म्हणजे दोनचा शून्यावा घात, आणि त्याची किंमत एक. हे मुलींच्या डोक्यात काही केल्या शिरेना. शून्य वेळा गुणलं तर शून्य यायला हवं, एक कसं? सर थकले आणि म्हणाले, "असं समजा, पहिली जागा म्हणजे लाभ. लाभाचा घात शून्य. मंग पुढचं मोजत जा."

अकराही जणींनी मोजलं. लाभ म्हणजे शून्य, पुढचा दोन, त्याच्या पुढचा तीन, मग चार. घात एक कुणाच्याच वहीत नव्हता! एक-एक-शून्य-एकचं उत्तर तेराऐवजी पंचवीस. चारही मशीनवर पंचवीस. सरांनी प्रत्येक मशीनला वाकून विचारलं, "काऊन भाऊ?" भाऊ काय सांगणार? लाल ओळ नाही, काही नाही, नुसतं शांतपणे पंचवीस. सरांनी तीन नंबरच्या मशीनवर संशय घेऊन तिची वायर काढून पुन्हा लावली. शेवटी घंटा झाली आणि ते तसेच घरी गेले. त्या दिवशी त्यांनी टीचर्स रूममध्ये चहासुद्धा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या आधीच आले. अंघोळ नाही, केस विस्कटलेले, पायात दोन वेगळ्या चपला. झालं होतं असं की घरी अंगणात धान मोजणं चालू होतं, त्यांची बायको पायली भरत होती आणि म्हणत होती, "लाभ... दोन... तीन..." ते तिथूनच उठले.

वर्गात शिरले आणि उभ्यानंच म्हणाले, "पोट्टींनो, रस्ता तुम्ही नाई चुकला. म्याच चुकवला. लाभानंतर आपन दोन म्हणतो, हे मले कळाले पायजे होतं. आता नवीन नियम. माप उचलाच्या आधी, रिकाम्या हातानं, म्हणा शून्य. मंग एक. मंग दोन." नंतर त्यांनी स्वतःला शिक्षा केली. प्रत्येक मुलीच्या वहीत आपल्या हातानं बरोबर प्रोग्राम लिहून दिला. अकरा वह्या, अकरा वेळा, तोच प्रोग्राम. आकडा उलटा फिरवायचा, एकेक अंक घ्यायचा, दोनच्या घातानं गुणायचा, बेरजेत टाकायचा, घात एकानं वाढवायचा. मोत्यासारखं अक्षर! मी म्हटलं, "झेरॉक्स काढता आली असती की." म्हणाले, "झेरॉक्सनं मले शिक्षा कशी होईन, बाई?"

एका ओळीत उत्तर येतं, हे त्यांना माहीत होतं. एका मुलीनं फोनवर कुठेतरी बघून ती ओळ लिहिली तेव्हा सरांनी ती वाचली, मान हलवली, म्हणाले, "बेस हाय. पन हे त त्याचं गणित झालं, तुहं कुठी हाय? तुहं दाखव." आणि ती ओळ पुसायला लावली.

बारावीच्या वर्षी दिवाळीनंतर सर निवृत्त झाले. श्रीफळ, शाल, माझं भाषण. भाषणात मी 'ज्ञानाचा वटवृक्ष' वगैरे काहीतरी बडबडले. आज आठवलं की लाज वाटते. मुलींचं प्रात्यक्षिक फेब्रुवारीत होतं. बाहेरचे परीक्षक येणार होते. मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितलं होतं की पहिलीच तुकडी आहे, प्रात्यक्षिकात मुली अडकल्या तर पुढच्या वर्षी विषय बंद. नवीन शिक्षकाची ऑर्डर निघाली होती. तो दोनदा आला, जंगलाचा रस्ता बघितला आणि तिसऱ्यांदा आलाच नाही.

सर आपल्या गावी, अकरा किलोमीटरवर, शेतावर राहायला गेले होते. शिक्षक नाही हे कळल्यावर चौथ्या दिवशी सायकलवर हजर. मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हते, पण नियमाला फार घाबरायचे. निवृत्त माणसाला प्रयोगशाळेत बसू देता येणार नाही म्हणाले. काही चोरीला गेलं, काही बिघडलं तर जबाबदार कोण? सरांनी वाद घातला नाही. म्हणाले, "मी आत येतच नाई. बाहेर बसलो त चालन?" बाहेर बसायला नियम नव्हता.

फाटकाबाहेर मोहाचं झाड आहे. त्याच्या बुडाशी सर बसायचे. मुलींना एसटीच्या वेळेमुळे शाळेनंतर थांबता येत नव्हतं, म्हणून मधली सुट्टी. प्रयोगशाळेची किल्ली माझ्या गळ्यात पडली होती, कारण बाकी सगळे हुशार होते. मग असं चालायचं: मुली झाडाखाली कागदावर प्रोग्राम लिहायच्या, पळत आत येऊन मशीनवर टाकायच्या, लाल अक्षरं आली की ती जशीच्या तशी कागदावर उतरवून पळत बाहेर. सर कागद डोळ्यांजवळ धरून वाचायचे, "भाऊ म्हणते..." आणि पुन्हा मुलगी पळत आत. लाईन, म्हणजे वीज, नसली की नुसतंच कागदावर. सर स्वतः मशीन व्हायचे. एकेक ओळ वाचून बोटांवर बेरीज करत उत्तर सांगायचे आणि ओळ बिघडली असली की गप्प बसून राहायचे, मुलीला कळेपर्यंत.

सुरुवातीला मी दारात उभी राहून नुसती वैतागत होते. माझा डबा खायचा राहायचा. मग मुलींना उतरवायला वेळ लागतो म्हणून लाल अक्षरं मीच उतरवून द्यायला लागले. मग मला त्यातली काही कळायला लागली. एकदा मी चिठ्ठीवर खाली लिहिलं, "बहुतेक धुरा चुकला आहे." बाहेरून उत्तर आलं, "बाई, बराबर!" आणि त्यापुढे दोन ठिपके, कोलनसारखे. ती चिठ्ठी कुठे गेली देव जाणे.

त्यांचा मुलगा हैदराबादला होता. आई-वडिलांना घेऊन जायला टपलेला. सरांची छाती दुखायची. आम्हाला त्यांनी कधी सांगितलं नाही, बायकोनं सांगितलं. ती एकदा बाजारात भेटली, चिडलेली. "तुम्ही तरी सांगा ना, बाई! आन् त्या रस्त्यावर वाघाची खबर हाय. मानूस ऐकतच नाई. म्हणते, प्रात्यक्षिक झालं का दुसऱ्या दिवशी निघतो."

मी सांगितलं का? नाही सांगितलं. मुलींचं काय होईल या भीतीनं नाही सांगितलं. खरं सांगायचं तर, मधल्या सुट्टीत ते झाडाखाली दिसले नाहीत तर मला कसंसंच व्हायचं, म्हणूनही नाही सांगितलं.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी सर सकाळी दहाला येऊन उभे. बसले नाहीत, उभेच. परीक्षक गडचिरोलीहून आले, कडक इस्त्रीचे, घाईतले. नऊ मुलींचं नीट झालं. दहावी अडखळली पण निभावली. अकरावी प्रणाली. तिला बायनरीचाच प्रोग्राम आला आणि तिनं पहिली ओळ टाकली न टाकली तोच लाईन गेली.

वाट बघितली. पाऊण तास झाला. परीक्षक घड्याळ बघत होते.  शेवटी ते म्हणाले, "कागदावर लिहिता येईल का?" त्यांना वाटलं असेल की मुलगी रडेल. प्रणालीनं कागद ओढला आणि सरळ लिहीत सुटली. ठिपके, धुरे, सगळं. मग परीक्षकांनी आकडा दिला तेव्हा तीच मशीन झाली. बोटांवर बेरीज करत एकेक ओळ वाचून दाखवली. "तेरा," म्हणाली. परीक्षकांनी खुर्ची पुढे ओढली. "हे कुणी शिकवलं?" मी पटकन म्हटलं, "आमच्याच सरांनी." लाईन आल्यावर परीक्षकांनी तिचा कागद स्वतःच्या हातानं मशीनवर टाकला. एकही लाल अक्षर नाही. उठताना मुख्याध्यापकांना म्हणाले, "विषय चालू ठेवा."

पुढच्या वर्षी विषय चालू राहिला. नवीन शिक्षक आला, दहा मशीन आली. अजूनही चालू आहे म्हणतात. मला नागभीडला बदली मिळाली. प्रणालीनंच फोन करून सांगितलं होतं, सर हैदराबादला गेल्यावर वर्षभरात वारले म्हणून. ती फोनवर रडत नव्हती, मी रडत होते. किती वेळा वाटतं, जावं त्या झाडाखाली, डबा न खाता उभं राहावं, आणि बाहेरून "भाऊ म्हणते..." ऐकू यावं. असलं कुणाला सांगता येतं का? माझ्या नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "तुला कॉम्प्युटरचा इतका नाद होता?"

प्रात्यक्षिकाच्या त्या दिवशी सगळं आटोपलं तेव्हा चार वाजून गेले होते. टोळीकडे जाणारी शेवटची एसटी मागच्या दारासमोर हॉर्न देत होती. मुख्याध्यापकांनी मुलींना मागूनच पिटाळलं. पुढच्या फाटकाशी सहा तास उभ्या माणसाला निकाल सांगायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. मी उत्तरपत्रिकांची पाकिटं सील करत होते. प्रत्येक पाकिटावर दोन सह्या.

खिडकीतून दिसलं. प्रणाली एसटीच्या पायरीवरून खाली उतरली. कंडक्टर ओरडला, तिनं मागं बघितलं नाही. मी पुढच्या खिडकीशी आले तोवर ती शाळेला वळसा घालून पळत पुढच्या फाटकाशी गेली होती. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. सरांनी एकदा काहीतरी विचारलं. तिनं मान हलवली. सर पाठ करून झाडाकडे तोंड करून उभे राहिले, बराच वेळ. तोवर एसटी निघून गेली होती.

मग त्यांनी सायकल काढली. वाघाचा रस्ता, पोरीला एकटीला कसं सोडणार? तिला मागे बसवलं आणि ढिवर टोळीच्या दिशेनं निघाले, आपल्या घराच्या बरोबर उलट. ती मागे बसून हात हलवत सांगत होती, सगळं, अगदी पहिल्यापासून, आणि ते नीट ऐकू यावं म्हणून सायकल अगदी हळू चालवत होते.

मला हाक मारायची होती. खिडकी उघडून ओरडायचं होतं की सर, अकरा नाही, बारा जणी शिकलो आम्ही. मलाही येतं आता, काल घरी मी एकटीनं प्रोग्राम लिहिला, इथे मशीनवर टाकला आणि चालला. पण मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, लवकर करा, परीक्षक खोळंबलेत." म्हटलं, उद्या सकाळी त्यांच्या गावी जाऊन सांगू. मी पोचले तर सकाळी सहालाच मुलाची गाडी त्यांना घेऊन गेली होती. सायकल वळणावर गेली तेव्हा मी मान खाली घालून शेवटच्या पाकिटावर सही करत होते.